रुग्णसेवेचा परवाना : कोणास हवा, कोणास नको?

मावळ तालुक्यातील सुदुंबरे हे गाव महाराष्ट्रास दोन कारणांनी ठाऊक आहे. संत तुकाराम महाराजांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी महाराज जगनाडे यांची समाधी या गावी आहे. आणि अलीकडच्या काळात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, म्हणजेच एनडीआरएफच्या, पाचव्या वाहिनीचा तळही येथेच आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला, १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा या दलाचे जवान चिखलात उतरले. वाहते रक्त दाबून धरणे, मोडलेल्या हातापायास आधार बांधणे, श्वासाचा मार्ग मोकळा करणे, जखमीला न हिंदकळता स्ट्रेचरवर घेणे हे सारे त्यांना शिकविलेले असते. जवानांच्या या प्रशिक्षणाला 'मेडिकल फर्स्ट रिस्पॉन्डर' असे नाव आहे. परिचारिकांच्या सरकारी नोंदवहीत त्यांची नावे नसतात आणि त्यांनी ती दाखवावीत असे कोणी म्हणतही नाही.

याच पट्ट्यात, देहू, तळेगाव, चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या नव्या वसाहतींत, आणखी एक दृश्य आता नित्याचे झाले आहे. मुले नोकरीनिमित्त परगावी किंवा परदेशी, घरी पक्षाघाताने अंथरुणास खिळलेले वडील किंवा स्मृतिभ्रंश झालेली आई, आणि उशाशी 'ब्युरो'ने पाठविलेली वीस-बावीस वर्षांची मुलगी. घरचे तिला 'सिस्टर' म्हणतात. ती आंघोळ घालते, कूस बदलते, भरविते. आणि एके दिवशी डॉक्टरांनी लिहून दिलेले इंजेक्शनही तिलाच देण्यास सांगितले जाते, कारण 'सिस्टर आहे ना घरात!' तिचेही नाव कोणत्याच नोंदवहीत नसते.

दोघांपाशीही परवाना नाही. परंतु जवानाच्या पाठीशी कायदा उभा आहे आणि या मुलीच्या पाठीशी कोणीही नाही. हा फरक का पडतो, हे आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी, आजाऱ्यांच्या भेटीस जाणाऱ्या मंडळांनी आणि धर्मभगिनींच्या मठांनी नीट समजून घेण्याची वेळ आली आहे.

प्रथम शब्द स्पष्ट करू. आपण सहज 'परवाना' म्हणतो, पण आपल्या कायद्याची भाषा 'नोंदणी'ची आहे. मुंबई प्रांतात परिचारिका, सुईणी आणि आरोग्यसेविका यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला. स्वातंत्र्यानंतर १९४७ च्या अखेरीस भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला आणि महाराष्ट्रापुरता १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका कायदा. मान्यताप्राप्त संस्थेत ठरलेला अभ्यासक्रम पूर्ण करावा, परीक्षा द्यावी आणि मग राज्य परिषदेच्या नोंदवहीत नाव घालावे, हा त्याचा क्रम. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो केलेला आहे. नोंदवहीत नाव नसता व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. जुन्या कायद्यांतील दंडाच्या किरकोळ रकमांशी तुलना केली, तर विधिमंडळींचा रोख कळून येतो.

गंमत अशी की आधुनिक परिचर्येची जननी म्हणून जिचे नाव घेतले जाते त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सरकारी नोंदणीस विरोध होता. नोंदवहीत नाव घालून कोणी चांगली परिचारिका होत नाही, शील आणि हातोटी परीक्षेत मोजता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे १८५९-६० चे परिचर्येवरील प्रसिद्ध पुस्तकही व्यावसायिक परिचारिकांसाठी नव्हते. प्रत्येक स्त्रीला कधी ना कधी घरातल्या कोणाची शुश्रूषा करावीच लागते, तिच्यासाठी ते लिहिले होते. पुढे जगाने त्यांचे ऐकले नाही. १९०१ साली न्यूझीलंडने राष्ट्रीय नोंदणीचा कायदा केला आणि १९१९ साली इंग्लंडनेही. माझ्या मते जगाने योग्यच केले. पण नाइटिंगेलबाईंच्या म्हणण्यातील एक अंश आजही खरा आहे : शुश्रूषेचा फार मोठा भाग घरातच होतो, आणि त्याला नोंदवही लागत नाही.

आपला कायदाही त्या भागाला हात लावीत नाही. आईचे पाय चेपणाऱ्या मुलाला, बाळंतिणीस न्हाऊ घालणाऱ्या आजीला, नवऱ्याची जखम डॉक्टरांनी दाखविल्याप्रमाणे पुसून पट्टी बदलणाऱ्या पत्नीला कोणी नोंदणी क्रमांक विचारीत नाही. मधुमेही रुग्ण स्वतःला इन्सुलिन टोचून घेतो, तो व्यवसाय करीत नसतो. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णाच्या घरच्यांना नळीवाटे अन्न कसे द्यावे हे परिचारिका शिकवून जाते, आणि मग ते काम घरचेच करतात. त्यात गैर काही नाही. उलट अशा घरांत परिचारिकेचे खरे काम शिकविण्याचेच असते.

संकटकाळाचे तर कायद्याने स्वतंत्र दार ठेवले आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ९२ व्या कलमात असलेली तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या ३० व्या कलमात आहे : संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या आणि ज्याच्या वतीने संमती देणारेही वेळेवर मिळण्याजोगे नाहीत, अशा माणसाच्या हितासाठी सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. रस्ता अपघातांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. मोबदल्याची अपेक्षा न धरता, स्वेच्छेने आणि सद्भावनेने अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यावर, त्याच्या हातून काही चूक घडली तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. या कलमातील इंग्रजी संज्ञा सरळ शुभवर्तमानातून उचललेली आहे. तिचा अर्थ 'चांगला शोमरोनी' असाच होतो. तळेगाव-चाकण मार्गावर अवजड वाहनांच्या गर्दीत अपघात पाहून 'पोलिसांचे झेंगट नको' म्हणून पुढे निघून जाणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती दुचाकीस्वाराने हे कलम पाठ करून ठेवावे. चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या बांधवांना आणखी एक उदाहरण परिचयाचे असेल : १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रथमोपचाराची पेटी प्रशिक्षित, प्रमाणपत्रधारक माणसाच्या हाती असावी अशी अट घातली. तो माणूस परिचारक नसतो. फिटर असेल, स्टोअरकीपर असेल. पण त्याला शिकविलेले असते आणि त्याला आपली मर्यादा ठाऊक असते.

मग मर्यादा कोठे ओलांडली जाते? तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की ओलांडली जाते, असे मला वाटते. पहिली, नोंदणी नसता 'नर्स' हे नाव लावणे किंवा दुसऱ्याने लावले तर ते चालू देणे. दुसरी, औषध शरीरात घालणे : इंजेक्शन, सलाइन, मूत्रमार्गाची नळी, ऑक्सिजनचे प्रमाण बदलणे. तिसरी, हे सारे व्यवसाय म्हणून, मोबदला घेऊन आणि कोणाच्याही देखरेखीविना करणे. एखादी मावशी पगार घेऊन आजोबांना भरविते, त्यात आक्षेपार्ह काही नाही. ते सन्मानाचे काम आहे. तीच मावशी 'सिस्टर' होऊन शिरेत सुई घालू लागली की प्रश्न उभा राहतो.

या 'सिस्टर' शब्दाविषयी दोन ओळी लिहिल्याखेरीज राहवत नाही. रुग्णालयात परिचारिकेस 'सिस्टर' म्हणण्याची प्रथा मुळात आपल्या ख्रिस्तसभेतून आली. शतकानुशतके युरोपातील रुग्णालये धर्मभगिनी चालवीत होत्या, म्हणून. आज मात्र हा शब्द इतका सैल झाला आहे की व्रतस्थ धर्मभगिनी, चार वर्षे शिकलेली परिचारिका आणि ब्युरोची मुलगी या तिघीही एकाच हाकेला वळून पाहतात. रुग्णालयांतून 'मावशी' आणि 'मामा' हे शब्द होतेच की. कोणाला कमी लेखण्याचा त्यात भाव नव्हता. काम कोणते, एवढेच त्यातून कळत असे.

ब्युरोची पद्धत थोडी पाहू. जाहिरातीत 'प्रशिक्षित नर्स, बारा तास, चोवीस तास' असे लिहिलेले असते. कुटुंब पैसे ब्युरोला देते, ब्युरो आपला भाग कापून उरलेले मुलीला देतो. मुली बहुधा दुरून, दुष्काळी भागांतून आणि आदिवासी पाड्यांवरून आलेल्या असतात. काहींनी सहा महिन्यांचा कसला तरी वर्ग केलेला असतो, ज्याच्या प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का असतो पण ज्याच्या आधारे परिषदेत नोंदणी होत नाही. ते प्रमाणपत्र खरे की खोटे याचा उलगडा मुलीलाही झालेला नसतो, कारण फी घेणाऱ्याने तिला 'नर्सिंग' असेच सांगितलेले असते. तिच्याकडून इंजेक्शन देववून घेणारे कुटुंब नोंदणीकृत परिचारिकेच्या पगाराचे पैसे वाचविते, ब्युरो परिचारिकेचे दर लावतो आणि रुग्णाला रिॲक्शन आली तर पोलीस ठाण्यात नाव लागते ते मुलीचे. फसवणुकीचा नफा दोघांना आणि शिक्षा तिसरीला. सामाजिक न्यायाविषयी आपण प्रवचनांतून जे बोलतो त्याची परीक्षा आपल्या स्वतःच्या घरातील आजाऱ्याच्या खोलीत होते, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

यावर एक सयुक्तिक आक्षेप येतो. जेथे नोंदणीकृत परिचारिका पोहोचतच नाही तेथे काय करावे? लोकांनी कायद्याकडे बघत मरावे काय? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने दिले आहे आणि तेही जगाने वाखाणावे असे.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकून १९७० साली जामखेडला आले. अहमदनगर, आजचा अहिल्यानगर जिल्हा, कायमचा दुष्काळ. गावोगावी प्रशिक्षित परिचारिका राहतील अशी त्यांची पहिली कल्पना होती. ती फसली. बाहेरून आलेल्या तरुण परिचारिका खेड्यात एकट्या राहीनात आणि गावेही त्यांना आपले मानीनात. तेव्हा गावाने निवडलेल्या स्त्रियाच शिकवाव्यात असे ठरले. त्यांतील अनेकजणी दलित होत्या, अनेकींना अक्षरओळख नव्हती. दर आठवड्यास त्या जामखेडला येऊन शिकत, गावी जाऊन ते वापरीत आणि पुढच्या आठवड्यास अडचणी घेऊन परत येत. गावात केंद्राचे फिरते पथक येई. स्वच्छ बाळंतपण, अतिसारात मीठ-साखर-पाणी, कुष्ठरोगाची व क्षयाची लक्षणे ओळखणे हे त्यांचे क्षेत्र, आणि कोणता रुग्ण आपल्या आवाक्याबाहेरचा आहे हे ओळखून त्यास जामखेडला धाडणे हे त्यांचे सर्वांत मोठे कौशल्य. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने याहून पुढचे, अधिक धाडसाचे पाऊल टाकले. नवजात बालके जंतुसंसर्गाने दगावत होती आणि रुग्णालय दूर होते. बंग दांपत्याने ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांना घरोघरी जाऊन तान्ह्या बाळाची तपासणी करण्यास आणि ठरलेली लक्षणे दिसल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्यास शिकविले. होय, इंजेक्शन; आणि तेही परिचारिकेची नोंदणी नसलेल्या स्त्रियांच्या हातून. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ साली केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बालकाच्या काळजीचा कार्यक्रम 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेला.

आता कोणी म्हणेल, गडचिरोलीत चालते तर पिंपरीत का नको? फरक नीट पाहावा. गडचिरोलीच्या आरोग्यदूताने काय करावे आणि काय करू नये हे आधी लेखी ठरले होते. ती प्रत्येक बाळाची नोंद ठेवीत असे. दर पंधरवड्यास डॉक्टर गावात येऊन ती नोंद तपासीत. औषधाची मात्रा ठरलेली, लक्षणे ठरलेली. तिच्यावाचून बाळाला दुसरा उपाय उपलब्ध नव्हता. आणि कोणी तिला परिचारिका म्हणून विकत नव्हते. पिंपरीत नोंदणीकृत परिचारिका आहे, रुग्णालय आहे, दूरध्वनी केला की डॉक्टरसह येणारी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. नाही ती फक्त पैसे मोजण्याची तयारी. जामखेड आणि गडचिरोली येथे नोंदवहीचे काम प्रशिक्षण, देखरेख आणि उत्तरदायित्व यांनी केले. ब्युरोच्या खोलीत नोंदवही नाही आणि या तिहींपैकीही काही नाही.

ख्रिस्तसभेला स्वतःलाही या वाटेने जावे लागले आहे. एके काळी व्रतस्थ धर्मभगिनींना पूर्ण वैद्यकी आणि प्रसूतिकाम करण्यास मनाई होती. ऑस्ट्रियन डॉक्टर ॲना डेंगल यांनी १९२० च्या दशकात रावळपिंडीत पाहिले की पुरुष डॉक्टरांकडे न जाणाऱ्या स्त्रिया उपचारावाचून मरत आहेत. १९२५ साली त्यांनी मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ स्थापन केला आणि रोमकडे सतत पाठपुरावा केला. ११ फेब्रुवारी १९३६ रोजी श्रद्धाप्रसार मंत्रालयाने सूचनापत्र काढून धर्मभगिनींना ही दारे उघडली. त्या पत्राचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो : जी धर्मभगिनी हे काम करील तिने डॉक्टरची वा परिचारिकेची रीतसर पदविका घेतली पाहिजे, असे त्यात बजावले होते. म्हणजे व्रत हे शिक्षणाला पर्याय नाही, ही रोमची भूमिका नव्वद वर्षांची जुनी आहे.

संत मदर तेरेसा यांनी १९४८ साली लोरेटो मठ सोडल्यावर प्रथम पाटण्यास जाऊन याच मेडिकल मिशन सिस्टर्सच्या होली फॅमिली रुग्णालयात काही महिने शुश्रूषेचे पाठ घेतले, आणि मगच त्या कोलकात्याच्या वस्तीत उतरल्या. तरीही १९९४ साली 'लॅन्सेट'चे तत्कालीन संपादक रॉबिन फॉक्स यांनी कोलकात्याच्या आश्रमास भेट देऊन जे लिहिले ते झोंबणारे होते. माया आहे, जखमा हळुवारपणे धुतल्या जातात. पण रोगनिदानाचे निर्णय वैद्यकीय ज्ञान नसलेल्या हातांत आहेत आणि तीव्र वेदनेवर पुरेसे औषध नाही. त्या वेळी आपल्याकडील अनेकांनी हा हल्ला समजला. मला वाटते, बऱ्या होऊ शकणाऱ्या आणि न होणाऱ्या रुग्णातील भेद ओळखण्यास प्रशिक्षित माणूस लागतो हा त्यातील मुद्दा रास्तच होता आणि त्याने मदरच्या पावित्र्यास उणेपणा येत नाही. पुण्यातील १८९७ च्या प्लेगात रुग्ण वाहून नेताना प्राण वेचणाऱ्या सावित्रीबाई फुले यांचेच पाहा ना. त्यांच्याकडे परवाना नव्हता. पण त्या आजाऱ्याला नेत होत्या ते डॉक्टर असलेल्या यशवंतरावांच्या हडपसर परिसरातील दवाखान्यात.

यावरून आपल्या मठांतील लहान दवाखान्यांविषयी बोलणे प्राप्त आहे. दोन पिढ्यांपूर्वी जेथे एक अनुभवी धर्मभगिनी सारे काही पाहत असे, तेथे तिच्या निवृत्तीनंतर नोंदणी नसलेली दुसरी भगिनी केवळ परंपरेने बसली असेल, तर तेथील इंजेक्शनचा ट्रे बंद करणे हेच प्रामाणिकपणाचे होईल. रक्तदाब मोजून लिहून ठेवणे, क्षयाच्या गोळ्या नियमाने घेतल्या जातात की नाही हे पाहणे, रुग्णास सरकारी केंद्रात नेऊन सोबत थांबणे यांसाठी दवाखाना चालू ठेवता येतो. खर्चाची ओरड होईल हे मी जाणतो. एका तरुण भगिनीस जी.एन.एम. करण्यास पाठविले तर तीन वर्षे मठात एक हात कमी पडतो. पण तो खर्च टाळण्याजोगा नाही.

संत व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीचे सभासद, महिला मंडळे आणि आजाऱ्यांस ख्रिस्तप्रसाद नेणारे प्रापंचिक यांनी मात्र या लेखाने बिचकून जाऊ नये. केरळात शेजारधर्मावर उभी राहिलेली वेदनाशामक सेवेची चळवळ आज नावाजली जाते. तिच्यात स्वयंसेवक रुग्णाशी बोलतो, त्याच्या घरची अडचण समजून घेतो, अंथरूण बदलण्यास हात लावतो, आणि औषधाचे काम प्रशिक्षित परिचारिका करते. आपल्याकडे हेच करता येईल. कूस बदलून पाठीस व्रण पडू न देणे, तोंड ओले ठेवणे, घासाघासाने भरविणे, रात्री जागून थकलेल्या सुनेला दोन तास झोपू देणे ही सर्व शुश्रूषा आहे आणि यास कोणाचीही परवानगी लागत नाही. फक्त रुग्णाच्या औषधाची मात्रा 'आमच्या शेजाऱ्यालाही हेच झाले होते' म्हणून बदलू नये, आणि आपल्या घरची उरलेली अँटिबायोटिक्स त्याला देऊ नयेत. हा दुसरा प्रकार आपल्या प्रेमळ मंडळींत फार चालतो.

ज्या कुटुंबांना पगारी माणूस ठेवावाच लागतो त्यांनी ब्युरोशी बोलताना प्रथम ठरवावे की आपल्याला परिचारिका हवी आहे की सांभाळणारी. परिचारिका हवी असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा आणि त्याचे नूतनीकरण झाले आहे की नाही हे पाहावे. खऱ्या परिचारिकेस या प्रश्नाचा राग येत नाही. सांभाळणारी हवी असेल तर तिला तिच्या नावाने हाक मारावी, तिच्या कामांची यादी कागदावर लिहून घरात लावावी, रात्रीची झोप आणि रविवारची सुट्टी द्यावी, आणि इंजेक्शनसाठी जवळच्या दवाखान्यातील परिचारिकेस त्या वेळेपुरते बोलवावे. त्या एका भेटीचे पैसे वेगळे पडतात. महिन्याच्या हिशेबात ते आधीच धरून ठेवावेत.